वाचक विचारतात : लागलेला मार कुठे जातो?

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात आम्ही काही मुले दर महिन्याला भित्तिपत्रक काढतो. त्यात मी डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी व्यावसायिक कुस्ती कंपनीच्या जुन्या, गाजलेल्या लढतींची परीक्षणे लिहायला सुरुवात केली आहे. माझे आजोबा तरुणपणी आखाड्यात उतरलेले आहेत. ते म्हणतात, "जिचा निकाल आधीच ठरलेला, त्या कुस्तीचे कसले परीक्षण?" त्यांना काय उत्तर द्यावे? आणि परीक्षणात नेमके काय पाहावे?
— एक विद्यार्थी, सिंदेवाही तालुका (जि. चंद्रपूर)

उत्तर : आजोबा सांगतात ती वस्तुस्थिती बिनचूक आहे, तेव्हा तिच्याबद्दल वाद घालू नका. निकाल ठरलेला असतो, हे खुद्द त्या कंपनीच्या वतीनेच १९८९ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सिनेटसमोर मान्य करण्यात आले होते, कारण हा खेळ नसून करमणूक आहे असे ठरल्यास खेळांवरील सरकारी देखरेख आणि त्यापोटीचा कर टळणार होता. मात्र आखाड्यातील माणसाला नूरा कुस्तीचा जो संताप येतो, तो इथे लागू पडत नाही. नूरा कुस्तीत खरी झुंज आहे असे सांगून लोकांना बसवलेले असते आणि इनाम दोघांत आधीच वाटलेले असते. तिथे फसवणूक असते. व्यावसायिक कुस्तीचा आजचा प्रेक्षक निकाल लिहिलेला आहे हे जाणूनच पाहायला बसतो.

आजोबांना गामा पहिलवानांची एक कुस्ती नक्की ऐकून माहीत असेल. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लाउस झिबिस्को जॉन बुल या विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी भिडले. झिबिस्कोने बहुतेक सारा वेळ चटईला पोट चिकटवून काढला. अडीच तासांहून अधिक काळ गामा त्याला उलटवण्याची खटपट करीत राहिले आणि कुस्ती बरोबरीत सुटली. पुढे १९२८ मध्ये पतियाळ्याला त्याच झिबिस्कोला गामांनी एका मिनिटाच्या आत चीत केले. दोन्ही कुस्त्या खऱ्या होत्या. पहिली पाहणाऱ्याचा जीव कंटाळला असेल आणि दुसरी पाहणाऱ्याला बूड टेकायलाही सवड मिळाली नसेल, पण त्याबद्दल गामांना कोणी दोष देऊ शकत नाही, कारण खरी कुस्ती प्रेक्षकाचे काही देणे लागत नाही. ठरवून केलेली लढत मात्र लागते. तिच्यातील प्रत्येक डाव, प्रत्येक पडणे आणि शेवटची चीत कोणीतरी निवडलेली असते, आणि जे निवडलेले आहे त्याचा जाब विचारता येतो. तुमच्या परीक्षणाचा अधिकार इथून येतो.

आता काय पाहावे, याविषयी. माझे बालपण भंडारा जिल्ह्यात गेले. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सुरू झाले की दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत आणि रात्री झाडीपट्टीचे, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाचे, नाटक, असा आमचा क्रम असे. अशाच एका रात्री दुसऱ्या अंकात नायकाच्या उजव्या दंडावर कुऱ्हाडीचा घाव बसला, लाल रंग सांडला, बाया हळहळल्या. तिसऱ्या अंकात तोच नायक त्याच उजव्या हाताने पाण्याने भरलेली घागर उचलून सहज खांद्यावर घेऊन निघाला. पुढच्या ताडपत्रीवर बसलेली एक म्हातारी उभी राहून म्हणाली, "अरे बापू, त्याच हाताले मार लागला होता ना!" मंडपात क्षणभर सगळे गप्प झाले. घाव खोटा होता हे त्या म्हातारीला कळत नव्हते असे नाही. तिची तक्रार एवढीच होती की तुम्हीच दाखवलेला घाव तुम्हीच विसरलात. व्यावसायिक कुस्तीचे याहून चांगले परीक्षण मी आजवर वाचलेले नाही.

लागलेला मार पुढे कुठे जातो, हे पाहा. गुडघ्यावर दहा मिनिटे घाव घातल्यानंतर तो पहिलवान लंगडतो का? की आपला ठेवणीतला डाव मारायची वेळ आली की गुडघा आपोआप बरा होतो? मार अंगावर वागवण्याच्या या कसबाला त्या धंद्यात सेलिंग म्हणतात. उड्या मारणारे पुष्कळ सापडतात; पंधरा मिनिटांपूर्वी दुखावलेला खांदा विजयाचा हात वर करतानाही धरून ठेवणारे थोडे.

या कसोटीला पूर्ण उतरणारी लढत म्हणून २९ मार्च १९८७ रोजी मिशिगनमधील पाँटिअॅक सिल्व्हरडोममध्ये झालेली रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची लढत मी सर्वांत वर ठेवतो. त्या दिवशी हल्क होगनने आंद्रे द जायंटला उचलून आपटले आणि लोकांच्या लक्षात ते अधिक राहिले, पण एक लढत म्हणून तिची या लढतीशी बरोबरी होत नाही. सॅव्हेज आणि स्टीमबोट यांच्या लढतीची मुळे १९८६ च्या अखेरीस आहेत. सॅव्हेजने रिंगजवळची लोखंडी घंटा स्टीमबोटच्या गळ्यावर आदळली होती आणि त्याचे स्वरयंत्र निकामी झाल्याचे कथानकात दाखवले होते. त्यामुळे लढत सुरू होते तेव्हा प्रेक्षकाची नजर आधीच एका गळ्यावर खिळलेली असते. स्टीमबोट सुरुवातीलाच सॅव्हेजचा गळा दोन्ही हातांनी पकडून त्याला वर उचलतो. एक शब्द न बोलता जुना हिशेब मांडला जातो. सॅव्हेजही संधी मिळताच पुन्हा त्याच दुखऱ्या गळ्याकडे वळतो. शेवटी तो तीच घंटा पुन्हा हातात घेतो, तेव्हा स्टीमबोटच्या बाजूने उभा असलेला जॉर्ज स्टील त्याला खाली पाडतो. त्यानंतर सॅव्हेज स्टीमबोटला उचलायला जातो आणि स्टीमबोट त्याला तसाच गुंडाळून चीत करतो. जिने दुखणे दिले, त्या घंटेचा मोह धरल्यानेच सॅव्हेज हरतो. हे सारे पंधरा मिनिटांच्या आत घडते. दोघांनी ही लढत पायरीपायरीने ठरवून पाठ केली होती, हे स्टीमबोटने पुढे स्वतः सांगितले आहे. झाडीपट्टीचा नट संहिता पाठ करतो म्हणून त्याचे रडणे हलके ठरत नाही, तसेच हे.

परीक्षण लिहिण्यापूर्वी लढत दोनदा पाहा. पहिल्यांदा आवाजासह पाहा, आणि दुसऱ्यांदा आवाज बंद करून केवळ मार खाणाऱ्याकडे पाहा. समालोचक पुष्कळ उणिवा झाकतो. आजोबांना शेजारी बसवता आले तर उत्तमच, कारण पकड खरी बसली आहे की नुसता हात ठेवला आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटणार नाही.

प्रश्न : इंग्रजी परीक्षक लढतींना तारे देतात. कोणाला पाच, कोणाला सहासुद्धा. मीही द्यावेत का? आणि पाच ताऱ्यांची लढत नेमकी कशी असते?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, दर्यापूर तालुका (जि. अमरावती)

उत्तर : तारे लोकप्रिय केले ते डेव्ह मेल्टझर या अमेरिकी पत्रकाराने. पाचांची मर्यादा असताना त्याने ४ जानेवारी २०१७ रोजी टोकियो डोममध्ये झालेल्या काझुचिका ओकादा आणि केनी ओमेगा यांच्या लढतीला सहा तारे दिले आणि २०१८ मध्ये त्याच दोघांच्या ओसाका येथील लढतीला सात. मापाची पायली भरल्यावर तिच्यावर शीग लावावी तसे हे झाले; पण शीग एकदा लागली की पुढच्या वेळी नुसती भरलेली पायली कमी वाटू लागते. सुरुवातीची काही वर्षे तुम्ही तारे देऊ नयेत, असे माझे मत आहे. तारा दिला की कारण लिहिण्याची गरज संपल्यासारखी वाटते.

पाच तारे मिळालेल्या ज्या लढतीशी मी पूर्ण सहमत आहे, ती २३ मार्च १९९७ ची, शिकागोजवळ झालेली ब्रेट हार्ट आणि स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन यांची. अट अशी होती की एकाने शरण यायचे. पंच म्हणून केन शॅमरॉक होता. ब्रेट हा लोकांचा लाडका, ऑस्टिन खलनायक. ब्रेट ऑस्टिनच्या गुडघ्यामागे लागतो आणि गुडघा खिळखिळा केल्यावर पायांना पीळ घालणारा आपला शार्पशूटर डाव लावतो. हा डाव पायांवरच लागतो, म्हणजे आधीचा सगळा मार शेवटच्या पकडीसाठी साठवलेला होता. ऑस्टिनच्या कपाळातून रक्त ओघळून दातांपर्यंत आलेले असते, तो ओरडतो, पण शरण येत नाही. अखेर तो बेशुद्ध पडतो आणि शॅमरॉक लढत थांबवतो. ब्रेट जिंकल्यानंतरही मारत राहतो. ऑस्टिन मदतीचा हात झिडकारून लंगडत स्वतःच्या पायांनी निघून जातो. तेवढ्या वेळात लोकांचे मन फिरलेले असते. खलनायक नायक झाला, नायक खलनायक झाला, आणि दोघांपैकी कोणी त्यासाठी भाषण केले नाही. परीक्षण लिहाल तेव्हा "टाळ्या कोणत्या क्षणी कोणाकडे वळल्या" हे वेळेसह टिपा. त्याची किंमत ताऱ्यांहून जास्त आहे.

५ एप्रिल २००९ च्या, ह्यूस्टनमधील अंडरटेकर आणि शॉन मायकेल्स यांच्या लढतीवर मात्र माझा एक आक्षेप आहे. अर्ध्या तासाची ती लढत पुष्कळांना सर्वश्रेष्ठ वाटते. मायकेल्स टूमस्टोन या अंडरटेकरच्या ठेवणीतल्या डावानंतरही खांदा उचलून चीत होण्याचे टाळतो तेव्हा अंडरटेकरच्या चेहऱ्यावर जी हतबुद्धता दिसते, ती मी विसरू शकत नाही. पण ज्या डावातून सहसा कोणी उठत नाही, त्यातून उठणे हा एकदाच खर्च करण्याचा ऐवज आहे. पुढच्या वर्षांत प्रत्येक मोठ्या लढतीत तोच ऐवज उधळला गेला आणि ठेवणीतल्या डावांचा धाक गेला. या लढतीचा दोष तिच्या नकलांत जास्त आहे. तरी तो तिच्यापासून सुरू झाला, असे मी मानतो.

प्रश्न : द ग्रेट खलीच्या लढतींवर टीका केली की गावात लोक चिडतात. आपला माणूस म्हणून सूट द्यावी का?
— एक वाचक, पुसद तालुका (जि. यवतमाळ)

उत्तर : सूट देऊ नये, पण श्रेय पूर्ण द्यावे. पंजाब पोलिसांतला दलीप सिंह राणा, म्हणजेच खली, २००६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत जाऊन अंडरटेकरला हरवतो आणि २००७ च्या जुलैत जागतिक हेवीवेट विजेता होतो, हे पाहताना केबलच्या टीव्हीपुढे बसलेल्या आमच्यासारख्यांची छाती भरून आली होती. तो अभिमान खरा आहे आणि तो परीक्षणात लिहायला हरकत नाही. मात्र खलीची हालचाल जड होती, डाव मोजके होते, आणि त्याच्या चांगल्या लढतींत निम्म्याहून जास्त काम समोरच्याने केलेले दिसते. अंडरटेकरसारखा माणूस त्याचा एकच हात लागला की कोसळे, म्हणून तो हात भीतिदायक वाटे. तेव्हा खलीच्या लढतीचे परीक्षण करताना पडणाऱ्याची तारीफ करा. त्यात खलीचा अवमान नाही.

प्रश्न : मी शिक्षक आहे. २८ जून १९९८ ची अंडरटेकर आणि मॅनकाइंड यांची पिंजऱ्यातील लढत माझे विद्यार्थी मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहतात आणि मधल्या सुट्टीत तिची नक्कल करतात. अशा लढतीची स्तुती छापावी का?
— एक शिक्षक, कुरखेडा तालुका (जि. गडचिरोली)

उत्तर : तुमची काळजी मला पूर्णपणे पटते. पिट्सबर्गमधील त्या लढतीत मॅनकाइंड, म्हणजे मिक फोली, पिंजऱ्याच्या छतावरून, म्हणजे सुमारे सोळा फुटांवरून, समालोचकांच्या टेबलावर पडला. ते ठरलेले होते. त्यानंतर तो पुन्हा वर चढला आणि पिंजऱ्याचे छतच तुटून तो खाली रिंगमध्ये आदळला. ते ठरलेले नव्हते. वरची खुर्ची त्याच्यासोबत खाली आली आणि त्याचा दात गेला.

ही लढत विसरता येत नाही, पण माझ्या दृष्टीने ती उत्तम लढत नाही. पहिल्या काही मिनिटांतच कळस गाठला गेला आणि पुढे जे राहिले, ते एक जखमी माणूस उभा राहण्याचा प्रयत्न करतो आहे हे दृश्य. आधी मी म्हटले की मार लक्षात ठेवला जातो का ते पाहा. इथे तो लक्षात ठेवण्याचे कसब उरलेच नव्हते, कारण तो खराच लागला होता. फोलीच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे आणि तो दिवस पुन्हा येऊ नये असेही वाटते. परीक्षणात या दोन्ही गोष्टी याच क्रमाने लिहाव्यात.

मुलांना नुसते "हे खोटे असते, करू नका" असे सांगितल्याने उपयोग होत नाही, कारण फोलीचा तुटलेला दात खोटा नव्हता, हे त्यांना दिसते. त्यापेक्षा रिंग कशाची असते ते सांगा. लोखंडी तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पातळ गादी आणि तिच्यावर ताणलेले कॅनव्हास. पडणारा हनुवटी छातीला टेकवून, पाठ पूर्ण सपाट ठेवून पडतो, म्हणजे धक्का एका जागी न बसता पसरतो, आणि एवढे शिकायलाच महिनोन्‌महिने जातात. समोरचाही त्याला सांभाळून सोडत असतो. त्यानंतर मुलांना शाळेच्या अंगणात न्या आणि तिथल्या मुरमाड जमिनीवर प्रत्येकाला तळहात जोरात आपटून पाहायला सांगा.