फोनला जवळ पाठवा, स्वतः लांब राहा: परसातले बुजरे पक्षी आणि साधा फोन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरामागच्या मोकळ्या जागेत दयाळ, भारद्वाज आणि अधूनमधून कस्तुर येतो; फोन दहा-बारा हजारांतला; दहा पावलांवर गेलं की पक्षी उडतो आणि लांबून झूम केलं की पिसांच्या जागी रंगाचे फराटे उमटतात. क्लिपची टेलिलेन्स (फोनवर चिमट्याने अडकवायची, लांबचं जवळ दाखवणारी लेन्स) घ्यावी का, हेही विचारलंय. लेन्सचं शेवटी बघू. आधी थोडा हिशोब करू, कारण तो एकदा डोक्यात बसला की निम्मी धडपड वाचते.

साध्या फोनची मुख्य लेन्स मोठ्या (फुल-फ्रेम) कॅमेऱ्यावरच्या साधारण २६ मिलिमीटरच्या लेन्सच्या तोडीची, म्हणजे बरंच रुंद दृश्य टिपणारी असते. १ मीटर अंतरावरचं जवळजवळ १.३ मीटर रुंदीचं दृश्य तिच्यात मावतं. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी ४००० पिक्सेल, म्हणजे १ मीटरवर दर मिलिमीटरला ३ पिक्सेल. दयाळ शेपटी धरून १९-२० सेंटिमीटरचा. तो १ मीटरवर ६०० पिक्सेल व्यापतो, ३ मीटरवर २०० आणि १० मीटरवर जेमतेम ६०. त्या साठात डोळ्याच्या वाट्याला दीड-दोन पिक्सेल येतात. झूमचं बटण दाबल्यावर फोन तेच साठ पिक्सेल ताणतो आणि मधल्या जागा अंदाजाने भरतो. तेलकटपणा येतो तो तिथून. तोच दयाळ अर्ध्या मीटरवर १२०० पिक्सेलचा होतो. इतक्या जवळ तो माणसाला फिरकू देणार नाही, पण हलणारं-बोलणारं काही जोडलेलं नसेल तर फोनची त्याला दोन-चार दिवसांत सवय होते. म्हणून पक्ष्याच्या मागे फिरणं सोडा. तो जिथे येतो तिथे फोन लावा आणि तुम्ही घरात बसा.

त्याने ठरलेल्या जागी यावं यासाठी सगळ्यात खात्रीचं आमिष पाणी. दाणे टाकू नका; दाण्यांवर कबुतरं जमतात, आणि दयाळ किडे खाणारा, त्याला त्यांचा उपयोग नाही. कुंडीखाली ठेवतात ती मातीची थाळी घ्या, ३०-४० सेंटिमीटर व्यासाची, खरबरीत. चकचकीत प्लास्टिकवर पाय घसरतो आणि पक्षी काठावरूनच परततो. पाणी कडेला १-२ आणि मध्ये ४-५ सेंटिमीटरपेक्षा खोल नको. खोल वाटलं तर मध्ये एक चपटा दगड ठेवा. थाळी जमिनीवरच असू द्या, कारण दयाळ, सातभाई, कस्तुर ही मंडळी जमिनीवर वावरणारी. उंच स्टँडवर ठेवलीत तर बुलबुल तेवढे येतील. झुडपापासून साधारण दीड मीटर लांब ठेवा. अगदी झुडपाला खेटून ठेवली तर मांजराला दबा धरायला सोय होते आणि पार मोकळ्यावर ठेवली तर बुजरा पक्षी बाहेर पडत नाही. पाणी रोज ओतून टाका आणि थाळी काथ्याने घासा, नाहीतर आठवड्याभरात डासांची पैदास सुरू होईल.

साचलेल्या पाण्यापेक्षा ठिबकणारं पाणी पक्ष्यांना लवकर सापडतं. लिटरभराची बाटली थाळीवर फांदीला उलटी टांगा, बुचाला दाभणाने बारीक भोक पाडा, तळाशी हवेसाठी एक टाचणीचं भोक. बूच सैल-घट्ट करून सेकंदाला एक थेंब पडेल असं जमवा. २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला तर लिटरभर पाणी साडेपाच तास पुरतं. कोरी सलाईनची नळी मिळाली तर तिच्या चाकाने हे काम फार नेमकं होतं.

थाळीशेजारी करंगळीएवढ्या जाडीची एक वाळकी, खडबडीत फांदी रोवा, काठापासून हातभर उंच. पक्षी थेट पाण्यात उतरत नाही. आधी बसतो, आजूबाजूला बघतो, मग उतरतो. बसायला सोयीची एकच जागा ठेवलीत तर तो तिथेच बसेल आणि तुमचं अर्धं काम होईल. फांदीच्या मागे काय दिसतं ते फोनच्या पडद्यावरच तपासा. फोनचा सेन्सर लहान असल्यामुळे मागचं फारसं धूसर होत नाही. वाळत घातलेले कपडे, पाइप, गेट सगळं जसंच्या तसं उमटतं. मागची भिंत किंवा झाडी दोन-तीन मीटर लांब आणि सावलीत असेल अशी दिशा धरा. पोर्ट्रेट मोडच्या नादी लागू नका, तो शेपटी आणि चोच खाऊन टाकतो.

आता फोन. पहिले तीन-चार दिवस तो बाहेर ठेवूच नका. त्याच्याएवढा साबणाचा खोका तपकिरी मोज्यात घालून, जिथे फोन येणार आहे तिथे विटेला टेकवून ठेवा. पक्षी नेहमीसारखे येऊ लागले की खोक्याच्या जागी मोजा चढवलेला फोन ठेवायचा, लेन्सपुरतं भोक पाडून. अंतर फांदीपासून ५०-६० सेंटिमीटर. त्याहून जवळ गेलात तर आंघोळीचे शिंतोडे लेन्सवर येतात आणि पुढचे सगळे फोटो धुक्यातले निघतात. लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला हवी. जमिनीवरच्या पक्ष्यासाठी ती दहा-बारा सेंटिमीटरवर येते, म्हणून लेन्सचा कोपरा खाली येईल असा फोन उलटा आडवा करा. चित्र फोन स्वतःच सुलटं करतो. फोन विटेला रबरबँडने बांधा. कावळ्यांना अनोळखी वस्तूची चौकशी करायची खोड असते.

फोटो बिघडतात ते बहुतेक फोकसमुळे. रिकाम्या फांदीवर फोकस ठरत नाही, फोन मागची झाडी धरतो, आणि पक्षी येऊन बसला तरी तिथेच अडून राहतो. उपाय सोपा आहे: फांदीवर जिथे पक्षी बसेल तिथे कपड्याचा चिमटा लावा, पडद्यावर चिमट्यावर बोट दोन-तीन सेकंद दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) लॉक झाल्याची खूण दिसली की चिमटा काढा. लॉक करतानाच एक्स्पोजर थोडं खाली ओढा, उणे ०.७ च्या आसपास. नर दयाळ काळाभोर आणि पोट, पंखावरची पट्टी पांढरीशुभ्र; फोन काळ्याकडे बघून उजेड वाढवतो आणि पांढऱ्यातला सगळा तपशील जळून जातो. काळं नंतर उजळता येतं, जळालेलं पांढरं परत येत नाही. एचडीआर आणि सीन ओळखणारी करामत दोन्ही बंद करा. एचडीआर दोन-तीन फोटो एकावर एक चढवतो, तेवढ्यात पक्ष्याने मान वळवली की त्याला दोन चोची येतात.

फोटो की व्हिडिओ? दोन्हीचे फायदे वेगळे. फोटो काढायचे असतील तर सेल्फी स्टिकबरोबर येतो तसला ब्ल्यूटूथ रिमोट लागेल. तो शे-दोनशेत मिळतो आणि फोनला आवाजाच्या बटणासारखा वाटतो. मोकळ्यावर आठ-दहा मीटर चालतो, मध्ये भिंत आली की निम्म्यावर येतो, म्हणून खिडकीशी बसा. शटरचा आवाज आधी बंद करा. अडचण अशी, की बऱ्याच फोनचा कॅमेरा दोन-तीन मिनिटं काही केलं नाही तर आपोआप बंद होतो आणि फोकसचा लॉक जातो. अँड्रॉइडवरचं ‘ओपन कॅमेरा’ हे फुकट अ‍ॅप इथे उपयोगी: ठरावीक सेकंदांनी आपोआप फोटो काढत राहा असं त्यात सांगता येतं, आणि फोनने परवानगी दिली तर शटर (उजेड किती वेळ घ्यायचा) व आयएसओही (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा) हाताने ठरवता येतात. लहान पक्ष्यासाठी शटर १/५०० सेकंद हवं. कोवळ्या उन्हात ते आयएसओ १०० ते २०० वर सहज मिळतं; झाडाच्या दाट सावलीत मात्र फोन स्वतःहून १/५० वर उतरतो आणि मान हलली की चेहरा पुसतो. म्हणूनच सकाळी सात ते नऊ, ऊन फोनच्या पाठीमागून फांदीवर पडेल अशी मांडणी करा. फ्लॅश कधीच नको.

व्हिडिओ सोपा आहे. सुरू करून घरात यायचं, दहा-पंधरा मिनिटांनी उचलायचा. १०८०पी व्हिडिओ मिनिटाला १०० ते १३० एमबी खातो, म्हणजे पंधरा मिनिटांना जवळजवळ २ जीबी. जागा आधी मोकळी करा. विमान मोड लावा, नाहीतर मध्येच कोणाचा तरी फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. रिमोट वापरत असाल तर विमान मोड लावल्यावर ब्ल्यूटूथ तेवढं पुन्हा चालू करा. व्हिडिओच्या एका चौकटीत दोनच मेगापिक्सेल असतात, फोरकेमध्ये आठ. फोनमध्ये फोरके असेल तर तेच वापरा. फोन विटेला बांधलेला आहे, तेव्हा स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर लपवणारी सोय) बंद करा, ते कडा कापतं. चौकट काढताना फोनवर थांबवून स्क्रीनशॉट घेऊ नका, त्यात पडद्याएवढाच तपशील येतो. संगणकावर व्हीएलसी या फुकट व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ दाबत एकेक चौकट पुढे न्या, हवी ती आली की शिफ्ट आणि ‘एस’. पूर्ण आकाराचं चित्र मिळतं.

उन्हाळ्यात फोन तापतो. आयफोनसाठी कंपनीनेच ३५ अंशांपर्यंतच्या हवेची मर्यादा दिली आहे. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात ती सकाळी दहालाच ओलांडली जाते. पक्ष्यावर ऊन आणि फोनवर सावली असं जमवा, फोनवर पांढऱ्या पुठ्ठ्याचं छप्पर धरा, मोबाइलचं जाड कव्हर काढून ठेवा.

भारद्वाज पाण्याच्या मागे लागून फारसा सापडत नाही. जवळजवळ ४८ सेंटिमीटरचा मोठा पक्षी, पण झुडपाच्या बुडाशी चालत फिरणारा. त्याची चालायची वाट ठरलेली असते, बहुतेक कुंपणाच्या कडेने किंवा भिंतीवरून. सकाळी पहिल्या उन्हात, विशेषतः पावसाळ्यात आणि थंडीत, तो उघड्या जागी पंख पसरून ऊन खात बसतो. ती जागा दोन दिवस खिडकीतून हेरा आणि मग तिथे फोन एक ते सव्वा मीटरवर लावा. एवढा मोठा पक्षी पंख पसरून बसला तर अर्ध्या मीटरवर चौकटीत जेमतेम मावतो. कस्तुरासाठी वेगळीच युक्ती: झाडाखालचा पाला झाडू नका. नारिंगी डोक्याचा कस्तुर पाचोळा चोचीने उलटवत गांडुळं-किडे शोधतो. झाडून लख्ख केलेल्या अंगणात त्याला काहीच काम नसतं. चार-पाच पावलांचा एक पट्टा पाल्याचा ठेवा, संध्याकाळी थोडा शिंपडा. शिंपी पक्ष्याला तर थाळीपेक्षा ओली पानंच आवडतात. तो पानांवरच्या पाण्यात अंग घासून आंघोळ करतो, तेव्हा सकाळी जास्वंदीवर फवारा मारला की पुरे.

खिडकीतून काढायचं असेल तर खोलीतला दिवा बंद, पडदा ओढलेला आणि लेन्स काचेला टेकवलेली. बोटभर जरी लांब राहिली तरी तुमचंच प्रतिबिंब येतं. मच्छरजाळीतून मात्र काढू नका. मोठ्या कॅमेऱ्याच्या रुंद लेन्सपुढे जाळी विरून जाते. फोनच्या लेन्सचं तोंड दोन-तीन मिलिमीटरचं, जाळीच्या तारा त्याच्या बऱ्याचशा आड येतात आणि फोटो दुधाळ होतो.

दोन गोष्टी टाळाच. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवू नका. मार्च ते जुलै हा दयाळाचा विणीचा काळ, नर तो आवाज प्रतिस्पर्ध्याचा समजून खाणं सोडून गात राहतो. आणि घरट्यापाशी फोन लावू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं शिकारीच्या व्याख्येत येतं. शिवाय तुम्ही वारंवार जाता ती जागा कावळा बघत असतो.

आता ती क्लिपची लेन्स. स्वस्तातल्या बहुतेक लेन्स मध्यभागी बऱ्या आणि कडेला पुसट असतात, उजेड खातात आणि हाताचा थरथराट तेवढ्याच पटीने वाढवतात. पैसे घालायचेच तर ८×४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) दुर्बीण घ्या. निदान पक्षी बघायला तरी आयुष्यभर उपयोगी पडेल. तिच्या एका भिंगाला फोन लावला की २६ मिलिमीटरची लेन्स २०८ च्या तोडीची होते, म्हणजे आठ मीटरवरचा दयाळ एक मीटरवर आल्यासारखा ६०० पिक्सेलचा मिळतो. डोळ्याजवळचा रबरी कप बाहेर ओढलेला ठेवा, फोनची लेन्स बरोबर मध्यावर आणि भिंगापासून दीडेक सेंटिमीटरवर धरा. काळं वर्तुळ दिसलं तर फोनवर दीड ते दोन पट झूम करा, तेवढ्याने चित्र फार बिघडत नाही. दुर्बीण हातात धरून हे जमत नाही. जुन्या मोज्यात किलोभर तांदूळ भरून गाठ मारा, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा, दुर्बीण त्यात दाबून बसवा आणि फोकस दुर्बिणीच्या चाकाने आधी डोळ्याने करून घ्या. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही.