वाचक विचारतात : भरतीचा आलेख आणि एमटेकची तयारी

प्रश्न : ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) शेवटच्या वर्षाला आहे, पुढे कम्युनिकेशन आणि सिग्नल प्रोसेसिंगमध्ये एमटेक करायचं आहे. प्रोजेक्टसाठी जेटीवर अल्ट्रासॉनिक सेन्सर (प्रतिध्वनी परतायच्या वेळेवरून अंतर मोजणारा) बांधून ३ दिवस, दर ६ मिनिटांनी एक अशी पाण्याची पातळी नोंदवली. चंद्र आणि सूर्य अशा दोन वारंवारिता दिसायला हव्यात, पण एफएफटीत (नोंदीतल्या वारंवारिता वेगळ्या काढणारं गणित) एकच जाड शिखर येतं. झीरो पॅडिंगनेही (नोंदीपुढे शून्यं जोडूनही) फरक नाही. २४ तासांपाशी आणखी एक शिखर आहे, ते खरं का?
– एक विद्यार्थिनी, गुहागर

उत्तर : एफएफटी चुकलेली नाही, नोंद तोकडी आहे. चंद्राच्या मुख्य भरतीचा आवर्तकाळ १२.४२ तास, सूर्याच्या भरतीचा १२ तास. म्हणजे दिवसाला १.९३२ आणि २ आवर्तनं. फरक जेमतेम ०.०६८. नोंद जितक्या दिवसांची, त्या आकड्याने १ ला भागून जे येतं त्याहून जवळच्या वारंवारिता सुट्या दिसत नाहीत. तुमच्या ३ दिवसांत हे ०.३३ येतं. सुट्या दिसायला १४.८ दिवस लागतात, आणि हा काळ गुहागरात कुणालाही ठाऊक असतो : एका उधाणापासून पुढच्या उधाणापर्यंतचा. दोन्ही घटक जोडीने चढले की उधाण, उलटे पडले की भांग. जिने मधला भांग पाहिलाच नाही त्या नोंदीला घटक दोन आहेत हे कळणार कुठून? झीरो पॅडिंगने त्याच वक्रावर बिंदू दाट होतात, एवढंच. हॅन विंडो (नोंदीची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणणारा गुणक) लावत असाल तर शिखर दुप्पट रुंद होतं. मग महिनाभर नोंद घ्या.

२४ तासांचं शिखर अर्धं खरं असावं. २३.९३ आणि २५.८२ तासांचे घटक भरतीत असतातच. कोकणात दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात त्या यांच्यामुळे. पण हवा तापली की दर अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला ०.६ मीटरने वाढतो. सेन्सरपासून पाणी ४ मीटर खाली आणि दुपार-पहाटेत १० अंशांचा फरक असेल, तर पाणी न हलताही पातळी ७ सेंटिमीटरने हलल्यासारखी दिसते, तीही नेमकी २४ तासांनी. सेन्सर २ मीटरवरच्या फळीकडे रोखून दोन दिवस ठेवा. फळीला ‘भरती’ आली तर ती तुमची चूक. ध्वनीचा वेग तापमानानुसार दुरुस्त करायला तापमापक सावलीत लावा. उन्हात तापलेल्या डबीतला आकडा वापरू नका.

दर ६ मिनिटांना एकच वाचन, हीदेखील चूक. ८-१० सेकंदांच्या लाटा त्यातून दुमडून संथ चढउतार म्हणून आलेखात शिरतात. सेकंदाला एक अशी १८० वाचनं घ्या आणि त्यांचा मध्यक (मीडियन) ठेवा. सरासरी नको, चुकार प्रतिध्वनी तिला ओढतो.

खरं तर इथे एफएफटीचा हट्टच नको. वारंवारिता खगोलशास्त्राने आधीच दिल्या आहेत, शोधायच्या आहेत फक्त उंची आणि कला (फेज). वरच्या चार घटकांचे प्रत्येकी एक कोसाइन, एक साइन आणि एक सरासरी पातळी : ९ अज्ञातं, लीस्ट स्क्वेअर्सने (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवणाऱ्या पद्धतीने) सोडवा. मग मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर (मोजणीतली छोटी चूक उत्तरात किती फुगू शकते ते सांगणारा आकडा) ३ दिवसांसाठी आणि १५ दिवसांसाठी काढून शेजारी ठेवा. मुलाखतीत रेखीय बीजगणितावर प्रश्न आला, तर पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा हे दोन आकडे जास्त बोलतील. कोळीवाड्यात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तुमच्या उत्तराशी तीही ताडून पाहा, मजा येईल.

प्रश्न : गेट या एमटेक प्रवेश परीक्षेचा स्कोअर आला, सीओएपी या प्रवेशाच्या ऑफर स्वीकारण्याच्या पोर्टलवर नाव नोंदवलं. आयआयटीला अर्ज झाला असं समजू का?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : नाही. दर वर्षी काही जण इथेच अडकतात. सीओएपीवर फक्त आलेल्या ऑफर दिसतात आणि त्या स्वीकारता किंवा नाकारता येतात. अर्ज प्रत्येक आयआयटीच्या संकेतस्थळावर, त्यांच्या मुदतीत, वेगळा करायचा आणि त्यात सीओएपीचा नोंदणी क्रमांक द्यायचा. एनआयटींसाठी सीसीएमटी ही निराळी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया आहे. यंदा मनासारखं मिळालं नाही तरी स्कोअर ३ वर्षं चालतो.