एडी जॉब्सन इतक्या नामांकित बँडमध्ये वाजवूनही लोकांना फारसा माहीत का नाही?

आपण विचारले आहे की रॉक्सी म्युझिक, यू. के. आणि जेथ्रो टल हे बँड आणि अमेरिकन संगीतकार फ्रँक झाप्पा अशा चार ठिकाणी ज्याचे नाव सापडते, त्या कीबोर्ड आणि इलेक्ट्रिक व्हायोलिन वाजवणाऱ्या एडी जॉब्सनचे नाव प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचे रॉक संगीत) ऐकणाऱ्यांच्या बाहेर कोणी का घेत नाही. माझे उत्तर असे आहे की हा माणूस जवळजवळ प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणाच्या तरी रिकाम्या झालेल्या जागी बसला, आणि जी एक जागा खरोखर त्याची स्वतःची होती ती जेमतेम तीन वर्षे टिकली.

जॉब्सनचा जन्म 28 एप्रिल 1955 चा, ईशान्य इंग्लंडमधील बिलिंगहॅम या गावचा. पियानो आणि व्हायोलिन दोन्ही त्याने लहानपणीच रीतसर शिकून घेतले होते. फॅट ग्रॅपल नावाच्या एका लहान बँडमध्ये तो वाजवत असताना कर्व्हड एअर या बँडशी त्याची गाठ पडली. त्या बँडचे व्हायोलिनवादक डॅरिल वे आणि कीबोर्डवादक फ्रान्सिस मंकमन हे दोघेही बाहेर पडले, तेव्हा दोघांच्या कामासाठी 1972 मध्ये या एकाच सतरा वर्षांच्या मुलाला घेण्यात आले. 1973 च्या ‘एअर कट’ या अल्बममध्ये ‘मेटामॉर्फसिस’ नावाची दहा मिनिटांहून मोठी रचना आहे. ती ऐकली की त्या वयातच पियानोवर त्याचा हात किती तयार होता याचा अंदाज येतो.

त्याच वर्षी ब्रायन ईनो रॉक्सी म्युझिकमधून बाहेर पडला आणि त्याच्या जागी जॉब्सन आला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ईनो हा रूढ अर्थाने वादक नव्हताच. सिंथेसायझर आणि टेप यांच्या साहाय्याने तो आवाज बिघडवत, वळवत असे, आणि त्याच्या चाहत्यांना नेमके तेच हवे होते. त्या जागी उत्तम तालीम झालेला, सुरात पक्का असा अठरा वर्षांचा मुलगा आला, तेव्हा बँड अधिक नेटका झाला आणि काहींच्या मते त्यातली गंमत गेली. मला तसे वाटत नाही. ‘कंट्री लाइफ’ (1974) मधील ‘आउट ऑफ द ब्लू’ या गाण्याच्या शेवटी जे व्हायोलिन येते, तेवढ्या एका तुकड्यासाठी मी तो अल्बम कितीदा तरी लावला आहे. ‘स्ट्रँडेड’, ‘कंट्री लाइफ’ आणि ‘सायरन’ हे तिन्ही अल्बम त्याच्या काळातले. तरीही रॉक्सीविषयी बोलताना लोक गायक ब्रायन फेरी आणि ईनो यांच्यापलीकडे सहसा जात नाहीत.

पुढचे दोन प्रसंग तर या माणसाच्या नशिबाचे नमुनेच म्हणावे लागतील. किंग क्रिमझन या बँडचा ‘यूएसए’ हा मैफलीत ध्वनिमुद्रित केलेला अल्बम 1975 मध्ये निघाला. त्यातील काही जागी बँडचा व्हायोलिनवादक डेव्हिड क्रॉस याचे मूळ व्हायोलिन काढून जॉब्सनने नंतर स्टुडिओत वाजवलेले व्हायोलिन घालण्यात आले. म्हणजे ज्या मैफलीत तो नव्हताच, त्या मैफलीच्या अल्बममध्ये तो ऐकू येतो. याच्या बरोबर उलट, झाप्पाच्या ‘झूट अल्यूअर्स’ (1976) या अल्बमच्या मुखपृष्ठावर तो उभा दिसतो, पण आत त्याने वाजवलेला एकही सूर नाही. झाप्पाकडे त्याने खरोखर काय केले हे ऐकायचे असेल तर डिसेंबर 1976 मधील कार्यक्रमांवरून तयार झालेला ‘झाप्पा इन न्यूयॉर्क’ ऐकावा.

आता यू. के. विषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तेथे आहे. 1977 मध्ये जॉन वेटन (बेस आणि गायन), बिल ब्रुफर्ड (ड्रम), अ‍ॅलन होल्ड्सवर्थ (गिटार) आणि जॉब्सन असे चौघे एकत्र आले आणि 1978 मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. त्याची सुरुवात ‘इन द डेड ऑफ नाइट’ने होते, जे सात मात्रांत चालते. रूपक तालाची सवय असलेल्या कानाला सात मोजणे जड जात नाही, फक्त येथे खाली-भरीचा आधार मिळत नाही. त्याच अल्बममधील ‘अलास्का’ या रचनेत जॉब्सन यामाहा सीएस-80 हा सिंथेसायझर वाजवतो, आणि त्याचे व्हायोलिन शिकलेले बोट कीबोर्डवर कसे काम करते ते येथे स्पष्ट कळते. या अवजड यंत्रात एका वेळी आठ स्वर वाजत, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की पट्टी दाबल्यानंतर बोटाचा दाब वाढवला की फक्त त्या एका स्वराचाच आवाज फुलवता येई, शेजारचे स्वर जसेच्या तसे राहत. शिवाय पट्ट्यांच्या वर एक लांब फीत होती, तिच्यावरून बोट सरकवले की सूर घसरत जाई. पियानोत एकदा पट्टी दाबली की तो स्वर वादकाच्या हातातून सुटतो. व्हायोलिनवादकाला मात्र स्वर संपेपर्यंत त्याच्याशी झटण्याची सवय असते. ‘अलास्का’च्या सुरुवातीचा संथ, दाटून येणारा भाग मला म्हणूनच व्हायोलिनवादकाने बसवलेला वाटतो, जरी त्यात व्हायोलिनची एकही तार हललेली नसली तरी.

1978 संपण्यापूर्वीच ब्रुफर्ड आणि होल्ड्सवर्थ बाहेर पडले. ड्रमवर टेरी बोझिओ आला, गिटारवादक घेतलाच नाही, आणि ‘डेंजर मनी’ (1979) तिघांनी केला. गिटार नसल्यामुळे बेस, ड्रम आणि वेटनचा गळा सोडून जे काही ऐकू येते ते सगळे जॉब्सनचे. यात एक व्यावहारिक अडचण होती. कीबोर्डलाही दोन हात लागतात आणि व्हायोलिनलाही. त्यामुळे रंगमंचावर त्याने आपले पारदर्शक प्लेक्सिग्लासचे व्हायोलिन हनुवटीखाली धरले की गाण्याखालचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, नाहीसे होत. मी स्वतः लहानपणी घरी पेटी आणि व्हायोलिन दोन्ही शिकायचा प्रयत्न केला होता, आणि एक खाली ठेवून दुसरे हातात घेण्यातच तालाचे एक आवर्तन निघून जाई, म्हणून मला या गोष्टीचे विशेष कौतुक वाटते. त्याने ही अडचण लपवली नाही, उलट तिच्यावरच रचना उभी केली. त्याच वर्षीच्या ‘नाइट आफ्टर नाइट’ या टोकियोत ध्वनिमुद्रित झालेल्या अल्बममध्ये ‘सीझर्स पॅलेस ब्लूज’ ऐकून पाहा. गिटारच्या जागी व्हायोलिनच गजाच्या झटक्यांनी ठेका धरते, आणि ती मोकळी राहिलेली जागा बेस आणि ड्रम यांना भरून काढावी लागते.

मात्र वेटनला आटोपशीर गाणी हवी होती आणि जॉब्सनला लांब वाद्यरचना. 1980 मध्ये बँड मोडला. वेटन पुढे एशिया या बँडमध्ये गेला, ज्यांचा पहिला अल्बम 1982 मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. जॉब्सन जेथ्रो टलच्या ‘ए’ (1980) या अल्बममध्ये वाजवून गेला, पण तेथेही त्याची नोंद पाहुणा कलाकार अशीच आहे. 1983 मध्ये तो काही काळ येस या बँडमध्ये होता. बँडचा पहिला कीबोर्डवादक टोनी के परत आल्यावर कीबोर्ड दोघांत वाटून घेण्याऐवजी तो बाजूला झाला, आणि ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’च्या व्हिडिओत त्याची ओझरती झलक तेवढी उरली. त्याच वर्षी त्याचा स्वतःचा ‘द ग्रीन अल्बम’ आला, ज्यात गायलाही तोच आहे; गायक म्हणून तो मला बेताचाच वाटतो. 1985 चा ‘थीम ऑफ सीक्रेट्स’ सिंक्लाव्हियर या डिजिटल यंत्रावर केलेला आहे आणि शांतपणे ऐकण्याजोगा आहे.

त्यानंतर बरीच वर्षे तो जाहिराती आणि दूरचित्रवाणीसाठी संगीत करत राहिला. ‘नॅश ब्रिजेस’ या अमेरिकन मालिकेचे संगीत त्याचे आहे. ज्या वर्षांत त्याच्या बरोबरीचे लोक जुनी गाणी घेऊन गावोगाव फिरत होते, त्या वर्षांत तो रंगमंचावर नव्हताच, हेही विस्मरणाचे एक कारण. 2011 मध्ये तो आणि वेटन यू. के. या नावाने पुन्हा एकत्र आले आणि 2015 पर्यंत अधूनमधून वाजवत राहिले. 2017 मध्ये वेटन आणि होल्ड्सवर्थ दोघेही वारले.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर आधी यू. के.चा पहिला अल्बम घ्या, मग ‘नाइट आफ्टर नाइट’, आणि त्यानंतर मागे वळून ‘कंट्री लाइफ’. 2019 मध्ये रॉक कलाकारांचा गौरव करणाऱ्या अमेरिकेतील रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने रॉक्सी म्युझिकचा समावेश केला, तेव्हा सन्मानितांच्या यादीत ईनो आणि जॉब्सन ही दोन्ही नावे होती. त्या समारंभाला ईनो आला नाही. जॉब्सन आला होता.