गुरगुरतोय तर गुरगुरू दे

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडत होतीस, म्हणून फार बोललो नाही. आता सावकाश लिहितो.

लातूरकडून आणलेल्या त्या कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्याला घरी येऊन चार दिवस झालेत आणि तुझ्या घरच्यांनी त्याला ‘खुनशी’ ठरवूनही टाकलं. चार दिवसांत नवा जावईसुद्धा सासुरवाडीत मोकळा होत नाही गं. त्यानं सगळं आयुष्य शेतात साखळीला काढलंय. गुळगुळीत फरशी, मिक्सरचा आवाज, बंद दार, सगळंच त्याला नवं. त्यात तू त्याला गाडीतून उतरवून थेट घरातल्या आधीच्या कुत्र्यांच्या, बंड्या आणि चिंगीच्या, पुढ्यात नेऊन उभं केलंस. चुकलंच ते. मीही एकेकाळी हेच केलं होतं, म्हणून हक्कानं बोलतोय.

आजपासून त्याची खोली वेगळी. दहा-बारा दिवस तरी. रोज त्याची गोधडी बंड्याच्या जागी आणि बंड्याची त्याच्या खोलीत टाक, म्हणजे नाकानं ओळख होत राहील. तेवढ्यात लसी आणि रक्ततपासणी उरकून घे. शेतावरच्या कुत्र्याला गोचीड हमखास असतात, गोचीड ताप वरून दिसेलच असं नाही, आणि अंग दुखत असलं की कुत्रंही माणसासारखंच वसकन अंगावर येतं. बरगड्या दिसतात म्हणून आई त्याला तूपभात कोंबतेय ना? तिला सांग, कारवानीच्या बरगड्या थोड्या दिसायच्याच. त्याची घडणच तशी.

भेट घालायची ती रस्त्यावर, घरात नाही. बंड्याचा पट्टा भावाच्या हातात, याचा तुझ्या हातात, मध्ये रस्त्याची रुंदी, आणि दोघांचं तोंड एकाच दिशेला. समोरासमोर आणू नकोस. अंतर बरोबर आहे की नाही हे चिकनचा तुकडा सांगतो. तुकडा खातोय तोवर ठीक. खाणं सोडून कान ताठ करून एकटक बघायला लागला, की दहा पावलं लांब जा. आणि हो, साधा पट्टा चालणार नाही. या जातीचं डोकं निमुळतं. कुत्रं मागे सरकलं की पट्टा डोक्यावरून निघून येतो आणि मग ते कुणाच्या बापाला सापडत नाही. ओढल्यावर बेतानं आवळणारा रुंद मार्टिंगेल पट्टा घे.

आता मुख्य गोष्ट. बंड्या ताटलीजवळ आला, कारवानी गुरगुरला आणि तू त्याला वर्तमानपत्राची गुंडाळी मारलीस. पुन्हा मारू नकोस. माझ्याकडे असाच एक होता. गुरगुरला की मी ओरडायचो, मानगूट धरायचो. महिन्याभरात त्यानं गुरगुरणं सोडलं आणि मी गावभर मिरवलो. मग एका दुपारी माझ्या हातून भाकरीचा तुकडा खाली पडला. तो उचलायला वाकलो, आणि आवाज नाही, दात दाखवणं नाही, सरळ चावला. उजव्या हाताचं मधलं बोट अजून पुरतं मिटत नाही. आधी सांगायची त्याची सवय मीच मोडली होती.

तेव्हा तो गुरगुरला की ‘बरं बाबा’ म्हण आणि बंड्याला लांब ने. तिघांची जेवणं तीन ठिकाणी, दारं लावून. पंधरा मिनिटांनी ताटल्या उचलायच्या, त्याही तो खोलीबाहेर असताना. तो जेवत असेल तेव्हा लांबूनच जाता जाता त्याच्या ताटलीपेक्षा चविष्ट काहीतरी त्याच्याकडे टाक आणि पुढे चालू लाग. थांबू नकोस, हात लावू नकोस. तुझी चाहूल लागली की तो मान वर करून शेपटी हलवायला लागेल, तेव्हा एक पाऊल जवळून जा. याला आठवडे लागतात.

चिंगीचं मात्र स्पष्ट सांगतो. ती इवलीशी, पळताना किंचाळणारी. कारवानी पिढ्यानपिढ्या पळत्या सशामागे धावलेला. त्यात राग-लोभ काही नाही, डोळ्यापुढून छोटं काही पळालं की त्याचे पाय निघतातच. वर्षभरानं तो शहाणा झाला तरी त्या दोघांना एकटं, मोकळं सोडायचं नाही. हे आजीला झेपणार नसेल तर आत्ताच सांग. त्याच्यासाठी दुसरं घर शोधण्यात कमीपणा नाही.

भांडण जुंपलंच तर मध्ये हात घालू नकोस. दोघांमध्ये पाट, खुर्ची, जाड चादर, मिळेल ते सार, नाहीतर बादलीभर पाणी ओत. कुणाला दात लागलाच तर जखम नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी इंजेक्शन. हळद-चुना काही नाही.

आणि बंड्याकडे लक्ष दे. झोप नसताना जांभया देतोय, ओठ चाटतोय, तू नव्याजवळ बसलीस की उठून जातोय का? म्हातारा बोलत नाही, पण घर आधी त्याचं आहे. रोज अर्धा तास फक्त त्याचा ठेव.

रविवारी सकाळी सहाला, गर्दी व्हायच्या आत, कालव्याच्या रस्त्यावर या. बंड्या आणि तो, दोघंच. चिंगी घरी. उकडलेलं चिकन मी आणतो, मीठ न घातलेलं.

तुझा,
काका