प्रायमर कुठला घ्यायचा?

प्रश्न: दादा, मी टेक्ससला असतो, .२२३ रेमिंग्टनची काडतुसं घरी रीलोड करायला (वापरलेली परत भरायला) नुकताच शिकतोय. दुकानात स्मॉल रायफल प्रायमर (काडतुसाच्या बुडातली, पावडर पेटवणारी छोटी टोपी) संपलेत, स्मॉल पिस्टल आहेत, साइज सेमच आहे तर चालतील का? रायफल एआर-१५ आहे.

उत्तर: नाही रे, अजिबात नको. दोघांचा व्यास सारखाच, ०.१७५ इंच, म्हणून खाचेत बसतो आणि तिथेच माणूस फसतो, पण पिस्टल प्रायमरचा पत्रा पातळ असतो आणि .२२३ चं प्रेशर ५५,००० पीएसआय पर्यंत जातं, पत्रा फुटला की गरम गॅस मागे तुझ्या तोंडाकडे येणार. थांब आठवडाभर, स्टॉक येईल. एआर मध्ये अजून एक गोष्ट, फायरिंग पिन (प्रायमरवर आपटणारी सुई) मोकळी असते, बोल्ट (काडतुसामागे बंद होणारा भाग) बंद होताना ती प्रायमरला हलकी टेकते, म्हणून जाड पत्र्याचा घे, सीसीआय कंपनीचा ४१ किंवा ४५०, मी तर ४१ च सांगेन. आणि ब्रँड बदललास की पावडर कमी करून परत रीलोडिंगच्या मॅन्युअलमधल्या स्टार्टिंग लोडपासून (सुरुवातीच्या कमी पावडरपासून) चढत जा, हे प्लीज टाळू नकोस. प्रायमर केसच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) बुडाच्या किंचित आत बसला पाहिजे, प्रत्येकावर बोट फिरवून बघ. चष्मा लावूनच बस हां.

भारतातल्या वाचकांनो, इथे लायसन्सशिवाय काडतुसं बनवणं आर्म्स ॲक्ट १९५९ खाली गुन्हा आहे.