सहा वसाहतींचा एक देश: ऑस्ट्रेलियाबद्दल तुमचे प्रश्न

ऑस्ट्रेलिया आधीपासून ब्रिटिशांचाच होता. मग 1 जानेवारी 1901 ला वेगळं काय घडलं? (एक विद्यार्थी, सांगली)

त्या दिवशी सहा वसाहती मिळून एक देश झाला. तोवर राणी एक होती, पण संसार सहा होते. न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड, साउथ ऑस्ट्रेलिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया या प्रत्येक वसाहतीचं विधिमंडळ वेगळं, टपाल वेगळं, जकातही वेगळी. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाच्या सीमेवरच्या मरे नदीपलीकडे माल नेला की जकात भरा! रेल्वेची तर आणखी गंमत. रुळांमधलं अंतर न्यू साउथ वेल्समध्ये 1435 मिलिमीटर, व्हिक्टोरियात 1600, क्वीन्सलँडमध्ये 1067. त्यामुळे सिडनीहून मेलबर्नला निघालेल्या प्रवाशाला सीमेवरच्या ऑल्बरीला सामान उचलून दुसरी गाडी धरावी लागे. 1901 मध्ये जकातनाक्यांचा निकाल लागायला सुरुवात झाली; या दोन शहरांमध्ये गाडी न बदलता जाता यायला मात्र 1962 उजाडलं.

लढाई न होता हे जमलं कसं? (एक वाचक, ठाणे)

घासाघीस करून. न्यू साउथ वेल्सच्या सरकारचे प्रमुख हेन्री पार्क्स यांनी 1889 मध्ये टेंटरफील्ड गावातल्या भाषणात एकीकरणाचा विषय लावून धरला, मग परिषदा झाल्या, राज्यघटनेचे मसुदे झाले. 1898 च्या सार्वमतात न्यू साउथ वेल्समध्ये होकार जास्त पडले, तरी 80,000 होकारांची अट पुरी झाली नाही आणि गाडं अडलं. तेव्हा या वसाहतीला राजी करायला सौदा ठरला: राजधानी न्यू साउथ वेल्समध्येच, पण सिडनीपासून किमान 100 मैल लांब, तोवर संसद मेलबर्नला. हा ‘तात्पुरता’ मुक्काम 1927 पर्यंत लांबला. मला विचाराल तर हा देश भावनेपेक्षा अशा सौद्यांवर जास्त उभा राहिला.

एखादी वसाहत नंतर पस्तावली का? (एक वाचक, नागपूर)

वेस्टर्न ऑस्ट्रेलिया. आली सगळ्यांत शेवटी, आणि 1933 मध्ये तिथल्या जवळपास दोन तृतीयांश मतदारांनी फुटून निघण्याच्या बाजूने कौल दिला. ब्रिटिश संसदेने त्यांचा अर्ज विचारातच घेतला नाही. न्यूझीलंड तर परिषदांना हजेरी लावूनही बाहेरच राहिलं.

या नव्या देशात भारतीयांना जागा होती का? (एक वाचक, मेलबर्न)

फारशी नाही. नव्या संसदेने 1901 मध्येच स्थलांतर रोखणारा कायदा केला. येणाऱ्याला एका युरोपीय भाषेत श्रुतलेखन घालायचं, आणि भाषा अधिकाऱ्याने निवडायची. भारतीय ब्रिटिश प्रजाजन असले तरी त्यांनाही हाच नियम. मूळ रहिवाशांबाबत तर घटनेतच तरतूद होती, की लोकसंख्या मोजताना त्यांना धरायचं नाही. ते कलम 1967 च्या सार्वमताने काढलं.