दहाव्या वर्षी वाटा फुटतात, पण बंद होत नाहीत

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही सोलापुरातल्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स. दिवसा ड्यूटी, रात्री जर्मनचा क्लास. भाषेची बी-वन पातळी झाली, बी-टू चालू आहे. येत्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात नोकरीवर जायचं ठरतंय. मुलगी चौथीत, मराठी माध्यमात. मुलगा नववीत, सेमी-इंग्लिशला. त्यांचे वडील यंत्रमागावर जॉबर आहेत. त्यांचं म्हणणं, पोराची दहावी होऊ दे, तोवर दोघंही आजीजवळ राहतील. त्यात नात्यातल्या कोणीतरी सांगितलं की जर्मनीत दहाव्या वर्षीच हुशार आणि ढ वेगळे काढतात, एकदा खालच्या शाळेत पडलं की संपलंच. तुम्ही विचारता, "मॅडम, मी पोरांचं नुकसान तर करत नाही ना?"

नाही, ताई. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनानं याच राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून अशी विचारणा माझ्याकडे वरचेवर येते, आणि बहुतेकांच्या मनात हीच धास्ती असते. दहाव्या वर्षी वाटा वेगळ्या होतात हे खरं आहे. त्या कायमच्या बंद होतात हे खरं नाही.

आधी एक गोष्ट पक्की करा. जर्मनीत आपल्यासारखं एसएससी, सीबीएसई असं काही नाही. तिथे 16 राज्यं आहेत आणि शालेय शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. प्रत्येक राज्याचं खातं वेगळं, अभ्यासक्रम वेगळा, उन्हाळ्याची सुट्टीसुद्धा वेगळी. राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांची एक परिषद 1948 पासून त्यांच्यात मेळ घालते, तेवढंच. त्यामुळे बर्लिनमधल्या ओळखीच्या बाईंनी सांगितलेलं तुम्हाला लागू होईलच असं नाही. बर्लिनला प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, तुमच्या राज्यात चौथीपर्यंत. शेजारच्या बायर्न (बव्हेरिया) राज्यात गिम्नाझियम या पाचवीपासूनच्या शाळेसाठी जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी 2.33 पर्यंत लागते. तुमच्याकडे प्रवेश अशा एका आकड्यावर ठरत नाही.

आकड्यांवरून आठवलं. तिथे गुण 1 ते 6 असे असतात आणि 1 म्हणजे सर्वांत चांगला. काही वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या एका वडिलांचा मला रात्री फोन आला. आवाज कापत होता. "मॅडम, पोरीला गणितात दोन पडले." मी म्हटलं, "अहो, तिला पेढे द्या." पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही, मग ते रडायलाच लागले. पोरगी दोन दिवस धड जेवली नव्हती, कारण घरात कोणी तिच्याशी नीट बोलत नव्हतं. मुलीचं पहिलं प्रगतिपुस्तक हातात येईल तेव्हा हे लक्षात ठेवा.

आता वाटा. पहिली ते चौथी ग्रुंडशुले, म्हणजे सगळ्यांची एकच प्राथमिक शाळा. पाचवीपासून फाटे फुटतात. गिम्नाझियम ही विद्यापीठाकडे नेणारी शाळा, तिच्या शेवटी आबिटूर ही परीक्षा. रेआलशुले दहावीपर्यंत. तिसरी वाट हाउप्टशुले किंवा वेर्करेआलशुले, ती लवकर कामधंद्याच्या शिक्षणाकडे वळवते. शिवाय गेमाइनशाफ्ट्सशुले असते, तिथे सगळ्या प्रकारची मुलं एकत्र बसतात. 2024-25 पासून तुमच्या राज्यात गिम्नाझियमसाठी तीन गोष्टी बघतात: वर्गशिक्षकांची शिफारस, जर्मन-गणिताची चौथीतली राज्यस्तरीय चाचणी आणि पालकांची इच्छा. तिन्हींतल्या दोन जुळल्या की प्रवेश. शिक्षक आणि चाचणी दोन्ही नाही म्हणाले, तरी मुलाला आणखी एका चाचणीची संधी मिळते.

तुमच्या मुलीला वर्षभराच्या जर्मनवर ही शिफारस मिळणं अवघड आहे, हे मी लपवत नाही. म्हणूनच तिला आत्ताच सोबत न्या, आणि शाळेशी बोलताना वय दाखवून पाचवीचा हट्ट धरू नका. वर्ग ठरवणं शाळेच्या हातात असतं, पण तिला पुन्हा चौथीत बसवायला तुमची तयारी आहे हे आपणहून सांगा. एखादं वर्ष पुन्हा करण्यात तिथे कमीपणा मानत नाहीत. भाषा न येणाऱ्या मुलांसाठी बऱ्याच शाळांत तयारीचे वर्ग चालतात, त्यांची चौकशी आधीच करा. पुढे ती रेआलशुलेत किंवा गेमाइनशाफ्ट्सशुलेत गेली तर खचू नका. दहावीनंतरचं प्रमाणपत्र चांगल्या गुणांनी मिळालं की बेरूफ्लिखेस गिम्नाझियम नावाची तीन वर्षांची शाळा असते. तंत्रज्ञान, आरोग्य, वाणिज्य अशा शाखा तिथे असतात आणि शेवटी तेच आबिटूर. तुमच्या राज्यात ही वाट चांगली रुळलेली आहे. नातेवाइकांना हे दार माहीतच नसतं.

मला जास्त काळजी मुलाची आहे.

दहावी करून जाऊ दे, हा विचार आपल्याकडे अगदी स्वाभाविक आहे. दहावीच्या मार्कशीटशिवाय आपल्याला हात रिकामे वाटतात. पण हिशेब बघा. आत्ता तो चौदा-पंधराचा आहे. दहावी, निकाल, कागदपत्रं, व्हिसाची तारीख हे सगळं होईतो सोळा ओलांडेल. सोळानंतर पालकांच्या मागून येणाऱ्या मुलाकडे, आईचा परवाना कुठल्या प्रकारचा आहे त्यानुसार, चांगल्या जर्मनची मागणी होऊ शकते. सोळाच्या आत गेला तर ही अट नाही. तुमचा परवाना कोणत्या कलमाखाली आहे आणि मुलाला काय लागू होतं, हे तुम्हाला पाठवणाऱ्या संस्थेकडून लेखी घ्या. तोंडी "हो जाईल मॅडम" चालवून घेऊ नका.

दुसरं असं, की सोळाव्या वर्षी जर्मन न येता पोचलेल्या मुलाला सहसा साध्या शाळेत घेत नाहीत. त्याला व्यवसाय शाळेतल्या भाषावर्गात घालतात. तो वर्ग वाईट नसतो, पण बरोबरीच्या मुलांत मिसळायची दोन-तीन वर्षं हातची जातात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: त्यालाही आत्ताच न्या, आणि तिथे एक इयत्ता खाली बसायला लागलं तरी बसू द्या. उद्या काही कारणानं परत यावं लागलंच, तर आपल्या बोर्डाचा 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते. दहावी कुठे पळून जात नाही.

तुमच्या पत्रात त्याच्याबद्दल एक वाक्य आहे, मी त्याखाली रेघ मारली. "अभ्यासात बरा आहे, पण रविवारी वडिलांबरोबर कारखान्यात जातो आणि मागाची मोटर खोलून बसतो." हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. ताई, जर्मनीत हे गुणांच्या रकान्यात जाईल. तिथे आउसबिल्डुंग म्हणून जे आहे ते आपल्या आयटीआयसारखं वाटतं, पण समाजातली त्याची जागा फार वेगळी आहे. मुलगा कंपनीशी करार करतो, आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत जातो, बाकी दिवस कंपनीत काम शिकतो आणि पहिल्या महिन्यापासून त्याला पगार मिळतो. मेकॅट्रॉनिक्सचा, म्हणजे यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र शिकवणारा असा अभ्यासक्रम साडेतीन वर्षांचा असतो. पुढे अनुभव घेऊन माइस्टर, म्हणजे त्या कामातला उस्ताद झाला, तर ती पात्रता तिथल्या अधिकृत पातळ्यांत बॅचलर पदवीच्या रांगेत धरतात. तुम्ही ज्या कामासाठी निघालात ते परिचारिकेचं कामसुद्धा तिथे बहुतेकजण अशाच तीन वर्षांच्या आउसबिल्डुंगमधून शिकतात. तुमच्या वॉर्डातल्या सहकारी तुम्हाला हे सांगतीलच. त्यांच्याकडे कोणी कमी नजरेनं बघत नाही, हेही दिसेल.

त्याला इंजिनीअरच व्हायचं असेल तरी आत्ता जाणं फायद्याचं आहे. आपली नुसती बारावी तिथल्या विद्यापीठात सरळ चालत नाही. जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण असेल तर तांत्रिक शाखांचं दार उघडतं, एरवी वळसे घ्यावे लागतात. तिथलं आबिटूर असेल तर असा वळसा उरत नाही.

भाषेची भीती मात्र घालवा. आपलं सोलापूर पाहा. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी, बाजारात हिंदी बोलणारी पोरं इथे जागोजागी आहेत. पालिकेच्या शाळा मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत चालतात. तुमचा मुलगा कारखान्यात वडिलांच्या मित्रांशी तेलुगूत बोलतो, हेही तुम्ही लिहिलंय. शाळेत न शिकता भाषा उचलणारा मुलगा तिथे मागे पडणार नाही. आजपासून रोज रात्री तुमच्या क्लासला त्याला शेजारी बसवा. धाकटीलाही बसू द्या, ती झोपेपर्यंत.

दोन बारीक गोष्टी. सरकारी शाळेला फी नाही, पण प्राथमिक शाळा बऱ्याच ठिकाणी दुपारी सुटतात. तुमची शिफ्ट दुपारची असली तर मुलगी कुठे थांबणार, हे घर बघतानाच ठरवा. शाळेनंतर सांभाळणाऱ्या केंद्राला तिथे होर्ट म्हणतात. आणि तिथे शाळेत जाणं कायद्यानं सक्तीचं आहे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला मुलांना पंधरा दिवस घेऊन येऊ, असं मनात असेल तर ते जमणार नाही. सुट्टीबाहेर शाळा बुडवली तर पालकांना दंड होऊ शकतो.

मुलांच्या वडिलांनाही जर्मनची पहिली पातळी, ए-वन, सुरू करायला सांगा, पती म्हणून येताना त्यांनाही भाषा लागण्याची शक्यता आहे. दोघांचे जन्मदाखले, मागच्या तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि लसीकरणाच्या नोंदी बाहेर काढून ठेवा. गोवरच्या लशीचा पुरावा तिथे शाळा मागतेच.

आणि पुढच्या रविवारी कारखान्याला सुट्टी देऊन मुलाला माझ्याकडे घेऊन या. पत्रात तुमचं म्हणणं आहे, त्याच्या वडिलांचं आहे, आजीचंही आहे. त्याचं काय म्हणणं आहे ते मला त्याच्याच तोंडून ऐकायचंय.